औषधांचा तक्ता

गेल्या दोन-तीन महिन्यांत या पानासाठीं आलेल्या पत्रांतून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारलेला आढळला. घरांतला मुलगा किंवा मुलगी कलाविद्यालयांत 'ग्राफिक डिझाईन' शिकते. दिवसरात्र संगणकापुढें बसलेली असते. विचारावें तर "प्रोजेक्ट चाललें आहे" एवढेंच उत्तर मिळतें. या प्रोजेक्टांत अभ्यास किती व खेळ किती, हें वडील माणसांनीं ओळखावें कसें? निबंध वाचून पाहतां येतो, गणित ताडून पाहतां येतें. पण रंगीत कागद पुढें आला म्हणजे 'छान आहे' यापलीकडे काय बोलावें तें आपणांस सुचत नाहीं. मलाहि सुचत नसे. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं जें घडलें त्यानंतर थोडेंबहुत सुचूं लागलें आहे. म्हणून तीच हकीकत येथें देतों.

आमचें घर माणसांनीं भरलेलें. खालीं थोरले बंधु व वहिनी, वर आम्ही, आणि देवघराशेजारच्या खोलींत आत्याबाई. आत्याबाईंनीं ब्याऐंशी वर्षें ओलांडलीं आहेत. स्मरण अजून खणखणीत. विष्णुसहस्रनाम न अडखळतां म्हणतात. पण औषधें सहा झालीं, त्यांच्या वेळा निराळ्या आणि नांवें सारीं इंग्रजी, तेव्हां सहस्र नांवें मुखोद्गत असणाऱ्या बाईंना या सहा नांवांनीं हात टेकावयास लावले. थायरॉईडची गोळी अनशापोटीं, कॅल्शियमची तिच्यापासून चार तास तरी दूर, रक्तदाबाची अर्धीच, अशी ती गुंतागुंत. ती सर्व वहिनींच्या डोक्यांत असे, आणि वहिनी चार दिवस माहेरीं गेल्या कीं घरांत गोंधळ उडे.

धाकटी पुतणी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षांत शिकते. तिला विद्यालयांतून काम मिळालें : घरांतली एखादी अडचण निवडावयाची आणि माहितीची नीट मांडणी करून ती दूर करावयाची. मुदत चार आठवडे. तिनें आत्याबाईंच्या औषधांचा तक्ता करावयाचें ठरविलें. विषय उत्तम निवडला यांत शंका नाहीं. परंतु त्याच रात्रीं ती संगणक उघडून बसली, आणि सहाव्या दिवशीं तक्ता तयार!

तक्ता दिसावयास मोठा देखणा होता. फिकट जांभळ्या पार्श्वभूमीवर तुळशीच्या पानांची पुसट नक्षी, हल्लींच्या चालीचीं बारीक, सडपातळ अक्षरें, सकाळला सूर्य, रात्रीला चंद्रकोर, दुपारचा रकाना हिरवा व रात्रीचा निळा. कोपऱ्यावरच्या दुकानांतून छापून, वर चकचकीत प्लास्टिकचें आवरण चढवून तो औषधांच्या कपाटाच्या दारावर लागला. घरांत सर्वांनीं वाहवा केली. मींहि केली. आत्याबाई म्हणाल्या, "छान आहे हो, अगदीं कॅलेंडरासारखं झालंय." त्या वाक्यांत कांहीं सुचविलेलें होतें हें मागाहून कळलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं वहिनी कांहीं कामानें त्या खोलींत गेल्या, तों आत्याबाईंच्या तळहातावर रक्तदाबाच्या दोन गोळ्या. पाण्याचा पेला दुसऱ्या हातांत. वहिनींनीं हात धरला.

"अहो, हें काय?"

"तक्त्यांतच लिहिलंय ना, एक नाहीं तर दोन. आज डोकं जड आहे, म्हणून म्हटलं दोन घ्याव्या."

तक्त्यांत लिहिलें होतें '१/२'. पुतणीच्या मनांत तो अपूर्णांक होता. आत्याबाईंनीं तो 'एक किंवा दोन' असा वाचला, आणि खरें सांगावयाचें तर त्यांचें वाचन कांहीं अडाणीपणाचें नव्हतें. पत्त्यांत, पावतींत, निमंत्रणपत्रिकेंत तिरपी रेघ आली कीं आपणहि 'किंवा' असेंच वाचतों. अर्ध्या गोळीच्या जागीं दोन, म्हणजे चौपट मात्रा. वहिनी दोन मिनिटें उशिरा आल्या असत्या तर काय झालें असतें याचा विचार त्या दिवशीं घरांत कोणीं मोठ्यानें बोलून दाखविला नाहीं. पण जेवणें मुकाट्यानें झालीं.

पुतणीनें तक्ता काढून टाकला व विषय बदलण्याचें मनांत घेतलें. दादा तर एकूण या शिक्षणावरच घसरले. संध्याकाळीं ती गच्चींत एकटी बसली होती. मीं तिला एक गोष्ट सांगितली. ती कल्पित नाहीं म्हणून येथेंहि सांगण्यासारखी आहे.

न्यूयॉर्कच्या 'स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्स' या संस्थेंत डेबोरा ॲडलर नांवाची विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तिच्या आजीनें एकदां चुकून आजोबांचें औषध घेतलें. दोघांच्या नांवांचें आद्याक्षर एक, आडनांव अर्थातच एक, आणि बाटल्या हुबेहूब सारख्या. अमेरिकेंत औषधविक्रेते गोळ्या मोजून नारिंगी रंगाच्या गोल बाटलींत भरून देतात व तिच्यावर चिठ्ठी चिकटवितात. त्या बाटलीचें रूप कित्येक दशकांत फारसें बदललेलें नव्हतें. आजी वांचली. नातीनें मात्र आजीच्या विसरभोळेपणाला दोष देण्याऐवजीं बाटली हातांत घेऊन पाहिली. बाटली गोल, म्हणून मजकूर वाचण्यास ती फिरवावी लागते. सर्वांत ठळक काय, तर दुकानाचें नांव. औषधाचें नांव मात्र बारीक. तिनें तोच आपला प्रबंधाचा विषय केला. चिठ्ठीवर वरच्या भागांत औषधाचें नांव व तें कसें घ्यावयाचें एवढेंच मोठ्या अक्षरांत. मग एक रेघ. वैद्यांचें नांव, गोळ्यांची संख्या, मुदत वगैरे सारें रेघेखालीं. घरांतल्या प्रत्येक माणसाला निराळ्या रंगाची खूण. तिच्या पहिल्या कल्पनेंतील बाटलीचा आकार पुढें टिकला नाहीं. क्लाउस रोसबुर्ग या उत्पादन-रचनाकारानें चपट्या बाजूंची, झांकणावर उलटी उभी राहणारी बाटली सुचविली आणि रंगीत कडें तिच्या गळ्यांत बसविलें. २००५ सालीं 'टार्गेट' या दुकानांच्या मोठ्या साखळीनें ही बाटली चालू केली. २०१५ मध्यें त्या साखळीनें आपला औषधविभाग दुसऱ्या कंपनीस विकला आणि बाटली बंद पडली, तेव्हां जुनी बाटली परत द्या म्हणून गिऱ्हाइकांनीं तक्रारी केल्या. एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचा विषय कोठवर गेला पाहा.

"म्हणजे तिनं आधीं बाटली पाहिली, मग काढली," पुतणी म्हणाली.

"आणि तूं?"

"मीं आधीं रंग निवडला." थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "काका, आत्याआजीला मीं एकदांहि विचारलं नाहीं."

दुसऱ्या दिवसापासून पूर्ण एक आठवडा तिनें संगणकाला हात लावला नाहीं. माझ्या मतें खरें प्रोजेक्ट तेथें सुरू झालें. एक वही घेऊन ती आत्याबाईंच्या खोलींत बसूं लागली. त्या कधीं उठतात, कोणती गोळी कोठें उभ्या राहून घेतात, चष्मा केव्हां असतो, केव्हां नसतो, असें सारें टिपूं लागली. त्या वहींत जें निघालें तें आम्हां घरच्या माणसांनाहि नवें होतें. आत्याबाई औषध घेतांना चष्मा लावीत नाहींत, कारण एका हातांत पेला व दुसऱ्या हातांत गोळी. चष्मा मग धरावा कोणीं? त्या कपाटापासून दीड हातावर उभ्या राहतात. मागच्या खिडकींतून उजेड येतो आणि चकचकीत आवरणावर नेमका मधोमध चमकतो, त्यामुळें मधला रकाना त्यांना दिसतच नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु उतरूं लागला आहे; अशा डोळ्याचें भिंग पिवळसर होतें व निळ्या-हिरव्या रंगांतला भेद पुसट होतो. पुतणीनें मोठ्या हौसेनें केलेला हिरव्या दुपारचा व निळ्या रात्रीचा भेद म्हणजे आत्याबाईंपुरता नव्हताच! आणि चंद्रकोर? ती पाहून आत्याबाई समजल्या होत्या कीं ही गोळी संकष्टीला चंद्रोदयानंतर घ्यावयाची. महिन्यांतून एकदांच कां, हें कोडें त्यांना पडलें होतें, पण मुलीच्या मेहनतीला नांवें ठेवूं नयेत म्हणून त्या गप्प राहिल्या.

हा गप्प राहण्याचा चांगुलपणा आपल्या घरांतून फार आहे, आणि विद्यार्थ्याचें नुकसान त्यानें जितकें होतें तितकें टीकेनें होत नाहीं असें मला वाटूं लागलें आहे.

मग मजकूर लिहिण्याचें काम. चित्राआधीं मजकूर कायम करावा ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण निम्मीं प्रोजेक्टें येथेंच फसतात. मजकुराच्या जागीं कसलीं तरी खोटीं अक्षरें भरून मांडणी केली जाते, आणि खरा मजकूर आला कीं तो त्या चौकटींत मावत नाहीं. पुतणीनें 'सकाळ, दुपार, रात्र' हे शब्द काढून टाकले. आत्याबाईंची सकाळ पांचाला होते, पुतणीची नवाला! त्याऐवजीं तिनें लिहिलें : 'उठल्यावर, चहाच्या आधीं', 'जेवण झाल्यावर', 'निजतांना'. अपूर्णांक एकहि ठेवला नाहीं. 'अर्धी' असें अक्षरांत, आणि शेजारीं अर्ध्या गोळीचें चित्र. हा मजकूर तिनें आमच्या नेहमींच्या डॉक्टरांना दाखविला. त्यांनीं दोन ठिकाणीं दुरुस्ती केली. असल्या कामांत जाणत्या माणसाची नजर मजकुरावरून फिरल्याखेरीज पुढें पाऊल टाकूं नये, मग वर्गांत गुण कितीहि मिळोत.

गोळ्यांचीं छायाचित्रें घालावयाचा तिचा बेत होता. भावानें मोबाइलवरून धाडलेलीं छायाचित्रें छापून पाहिलीं तों तीं धुरकट. त्याचें कारण समजण्यास सोपें आहे. चांगल्या छपाईला एका इंचांत तीनशें ठिपके धरतात. दोन इंच रुंदीच्या चित्राला आडवे सहाशें ठिपके हवेत. आणि निरोपाबरोबर धाडलेलें चित्र वाटेंत दाबून लहान केलेलें असतें. पडद्यावर तें झकास दिसतें, कागदावर उघडें पडतें. तीं पुन्हा नीट काढणार, इतक्यांत कोपऱ्यावरच्या औषधवाल्यानें एक वेगळीच गोष्ट सांगितली : एका कंपनीची गोळी संपली तर डॉक्टरांना विचारून दुसऱ्या कंपनीची दिली जाते, औषध तेंच, पण गोळी पांढरी असते ती गुलाबी होते. मग छायाचित्र खोटें ठरेल, आणि वृद्ध माणूस चित्रावर भिस्त ठेवून योग्य गोळीच परत करील. येथें पुतणीनें जी युक्ति योजिली ती मला सर्व तक्त्यांत अधिक आवडली. जें बदलत नाहीं तेवढेंच छापावयाचें, आणि जें बदलतें त्याला रिकामी जागा ठेवावयाची. प्रत्येक घरांत एक रिकामा चौकोन. संपलेल्या पाकिटाचा नांव असलेला तुकडा कापून तेथें लहान चिमट्यानें लावावयाचा. गोळ्या किती, तें पेन्सिलीनें लिहावयाचें. अर्ध्या गोळीचें चित्रहि म्हणून छापील नाहीं, पेन्सिलीचेंच. त्यासाठीं आवरण रद्द करून खरखरीत, न चमकणारा जाड कागद घेतला. उजेडाची तक्रारहि त्यानेंच मिटली.

मांडणीचे कच्चे नमुने तिनें कागदावर काढले, पत्त्याच्या पानाएवढे. बारा काढले, आणि एकेकाला दोन मिनिटांहून अधिक वेळ दिला नाहीं. एवढ्या लहान चौकटींत नक्षी काढतांच येत नाहीं, म्हणून मोठें काय व लहान काय, आधीं नजर कोठें जावी, एवढाच विचार करावा लागतो. बारांपैकीं दहा टाकाऊ निघाले. संगणकावर एक टाकाऊ नमुना करावयास एक संध्याकाळ जाते, आणि मग त्यावर इतकी माया जडते कीं तो टाकवत नाहीं.

शेवटच्या आठवड्यांत संगणक उघडला. कागदाचें माप प्रथम ठरलें : साध्या ए-४ कागदाच्या दुप्पट, म्हणजे ए-३, २९७ बाय ४२० मिलिमीटर, दीड हातावरून विनाचष्मा वाचावयाचें आहे म्हणून. अक्षरांसाठीं 'मुक्ता' हा मुंबईच्या 'एक टाईप' या मंडळींनीं केलेला, कोणालाहि विनामूल्य वापरतां येणारा फॉन्ट घेतला. त्याचीं ठळक अक्षरें लांबून भरत नाहींत, आंतली पोकळी मोकळी राहते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याच्या सुबक टाइपांत ज्यांनीं संस्कृत ग्रंथ वाचले आहेत त्यांना अक्षरांच्या या पारखीचें नवल वाटूं नये. ती आपल्याकडे मुळांतच आहे, मध्यंतरीं संगणकाच्या घाईंत थोडी विसरली गेली.

त्या घाईचा प्रसाद पुतणीलाहि मिळाला. 'इनडिझाईन' या पानें जुळविण्याच्या प्रणालींत मजकूर ओततांच जोडाक्षरें फुटलीं आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या पुढें यावयाची ती मागें गेली. अशा वेळीं मुलें पहिली वेलांटी हातानें उचलून जागेवर बसवितात, आणि मजकूर एका ओळीनें सरकला कीं सारें पुन्हा बिघडतें. खरा उपाय एका सोडवणुकीचा आहे : परिच्छेदाच्या मांडणींत 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा, म्हणजे देवनागरी आपोआप नीट जुळते. मजकूरहि युनिकोडमध्यें टंकलेला असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांतला असेल तर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर त्याचें गचपण होतें. ज्यांना ही महाग प्रणाली परवडत नाहीं त्यांना 'इंकस्केप' विनामूल्य मिळते, आणि एका पानाच्या कामाला ती पुरेशी आहे.

रंगांविषयीं थोडेंच सांगतों. पडदा उजेडानें रंगवितो, छापखाना शाईनें. म्हणून पडद्यावरचा झगझगीत जांभळा कागदावर मळकट येतो, आणि पुतणीचा पहिला तक्ता तसाच आला होता. दुसऱ्या वेळीं तिनें काळीं अक्षरें, पांढरा कागद आणि रकाने वेगळे दाखविण्यास फक्त एक गडद तांबडा घेतला. सारा तक्ता एकदां विनारंगी छापून पाहिला. रंगावांचून जें कळलें नाहीं तें बदललें.

एकच गोष्ट तिनें अशी केली कीं ती मींहि शिकून ठेवली आहे. कच्चा तक्ता भिंतीवर लावून "आत्याआजी, कसा झालाय?" असें तिनें विचारलें नाहीं. तिनें विचारलें, "आत्याआजी, आतां जेवण झालंय. काय घ्याल?" आत्याबाई बोट ठेवून सांगत, चुकल्या तर चूक तक्त्याची. असें तीन वेळां झालें. पहिल्या वेळीं दोन चुका, दुसऱ्या वेळीं एक. ती अशी कीं सगळ्यांत खालची ओळ कपाटाच्या कडीमागें जात होती. ओळ वर घेतली. तिसऱ्या वेळीं आत्याबाई कंटाळून म्हणाल्या, "अगं, किती वेळां तेंच विचारशील?"

विद्यालयांत परीक्षकांनीं तक्ता पांच मिनिटें पाहिला आणि वही अर्धा तास, असें ती सांगत होती. पहिला, फसलेला तक्ताहि तिनें सोबत नेला होता. नेऊं नकोस म्हणून दादांनीं सांगून पाहिलें होतें.

आतां एक घरगुती कैफियत, प्रश्न विचारणाऱ्या वाचकांसाठींच. मूल हा विषय शिकतें म्हटल्याबरोबर घरांतल्या प्रत्येक मुंजीची, वास्तुशांतीची, साठीशांतीची पत्रिका त्याच्या गळ्यांत पडते. तीहि "दहा मिनिटांचं काम" म्हणून, मुहूर्ताच्या चार दिवस आधीं, आणि नांवांच्या याद्या तीनदां बदलून. आमच्याकडे गेल्या वर्षीं अशा पांच झाल्या. पत्रिका जरूर करवून घ्याव्या. परंतु मजकूर आधीं कायम करून, हातानें सही करून द्यावा, आणि इतर कोणा कारागिराला दिला असता तितका वेळ त्यालाहि द्यावा. थोडे पैसे दिले तर अधिकच बरें. दादांना हें अजून पटलेलें नाहीं.

तक्ता अजून कपाटावर आहे. दसऱ्याच्या सुमारास डॉक्टरांनीं रक्तदाबाची गोळी बदलून एक पूर्ण घ्यावयास सांगितली. पुतणी तेव्हां सहलीवर बाहेरगांवीं होती. वहिनींनीं जुना तुकडा काढून नवा लावला, अर्ध्या गोळीचें चित्र व 'अर्धी' हा शब्द खोडरबरानें पुसून तेथें 'एक' लिहिलें. दुपारीं आत्याबाईंनीं तें चष्म्यावांचून वाचलें, आणि अक्षर पोरीचें नव्हे, वहिनींचें आहे, हेंहि ओळखलें.